दोन अर्ध्यांमधली वाट

४ मार्च

ती. दादास,
धाकटीचा सलाम.

तुला पत्र लिहायला बसलं की तुझा चेहरा समोर येतो आणि निम्मे शब्द तिथेच गळतात. म्हणून आज घरी न बसता इथेच, इस्पितळाच्या कपडेखोलीत, धुऊन आलेल्या चादरींच्या ढिगावर कागद ठेवून लिहितेय. समोर शिवणयंत्र आहे, त्यात फाटकी उशी अडकलेली आहे आणि मुकादमीण बाई चहाला गेल्या आहेत. त्या येईपर्यंत जेवढं होईल तेवढं.

वहिनीने कळवलं की प्रार्थनामंदिरातल्या संध्याकाळच्या वर्गाला आता तू शिकवतोस. विषय म्हणे करार. देवाने माणसांशी केलेले सगळे करार, नोहापासून पुढे. वाचून हसू आलं. मला पाढे शिकवताना तू हातात पट्टी घेऊन बसायचास. त्या वर्गातल्या मोठ्या माणसांचं काय होत असेल कोण जाणे. पण खरं सांगू? अभिमानही वाटला. दिवसभर दुकानात सुरा चालवायचा आणि संध्याकाळी हात धुऊन शास्त्र उघडायचं, हे आपल्या आबांनंतर तूच करू जाणे.

आता मुद्द्याचं. बंब्या घरातून गेला त्याला वर्ष होत आलं. तुझा एकुलता एक मुलगा आहे तो. प्यायचा, मान्य. मध्ये सुटली, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, मग पुन्हा लागली आणि तू दार लावलंस. मी तेव्हा काही बोलले नाही. मूग गिळून बसले, कारण तुझ्या नाकावरचा राग मला माहीत आहे. पण आज विचारते. जर तो दारात आला, तर तू त्याला घेशील का? 'जर' म्हणून विचारते. उत्तर दे.

वहिनीच्या गुडघ्याला तेल लाव म्हणावं.

तुझी,
धाकटी


१५ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझा 'जर' मी ओळखतो. लहानपणी बरणी फोडलीस की घरभर विचारत फिरायचीस, 'जर बरणी फुटली असेल तर कुणी रागावेल का?' तेव्हा मी काही विचारत नाही आणि तूही काही सांगू नकोस. तो तुझ्याकडे आला असेल तर जेवू घाल. माझ्यापर्यंत ते येऊ देऊ नकोस.

वर्ग चांगला चाललाय. पट्टी नेत नाही. लोकांना मी एकच गोष्ट सांगतो. नोहासाठी देवाने आकाशात धनुष्य ठेवलं, अब्राहामासाठी जनावरं दुभागली गेली, मोशेच्या हाती दगडी पाट्या दिल्या. खुणा निराळ्या, पण गोष्ट तीच. दोन बाजू असतात आणि दोघांनी पाळायचं असतं. मी मटणवाला माणूस, मला तराजू कळतो. एका पारड्याचा तराजू कुणी पाहिलाय का? सीनाय डोंगराखाली सगळे म्हणाले, आम्ही पाळू. पाळलं नाही. मग काय काय झालं ते तुला माहीत आहे.

बंब्याशी माझा करार झालेला आहे. घरातलं नुसतं बोलणं नाही, करार. कसा झाला ते विचारू नकोस, त्याच्या आईलाही मी सांगितलेलं नाही. त्याने पाळला असता तर दुकानाच्या पाटीवर आज त्याचं नाव असतं. त्याने मोडला. आता मी दार उघडलं तर मीही मोडला असं होईल. एका घरात दोघे करार मोडणारे निघाले तर त्या घरावर काय येतं, हे मी दर आठवड्याला लोकांना समजावून सांगतो. आणि स्वतःच्या घरात उलट वागू?

तुला मी निष्ठुर वाटेन. वाटू दे.

दादा


२ एप्रिल

ती. दादास,
सलाम.

जर-तर संपलं. बरणी फुटलेली आहे, दादा. बंब्या हिवाळ्यापासून माझ्याकडे आहे आणि गेल्या शुक्रवारपासून आमच्याच इस्पितळात, पुरुषांच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर आहे. रक्ताची उलटी झाली. मी स्वयंपाकघरात होते. मोरीकडे धावले तर सगळी फरशी लाल.

हिवाळ्यात तो इथेच भेटला. चादरींचा गाडा ढकलत मी तपासणीच्या खोल्यांसमोरून चालले होते आणि बाकावर एक माणूस बसला होता. मी त्याला ओलांडून पुढे गेले. 'आत्या' अशी हाक आली तेव्हा गाडा हातातून सुटला. पाण्याच्या बंबासारखा गोल म्हणून आपण ज्याचं नाव बंब्या ठेवलं, त्याच्या सदऱ्यात आता नुसती हाडं होती. घरी आणला, न्हाऊ घातला, तीन महिने पोटच्या पोरासारखा ठेवला. माझ्या घरात त्याने थेंब घेतला नाही, हे मी शपथेवर सांगते. पण आतलं आधीच नासलं होतं. डॉक्टरबाई म्हणतात यकृताने हात टेकलेत. वाचला तर पुढे एक थेंबही चालणार नाही. वाचला तर.

तुला कळवते म्हटलं तर त्याने माझा हात धरला. 'नको आत्या, बाबांना वाटेल शापच लागला.' मी म्हटलं, कसला शाप? मग त्याने सांगितलं.

दादा, तू हे काय केलंस? उपासना संपवून घरी आलात, दुकानाचं दार आतून लावलंस, नुकतं सोललेलं बोकड दुभागून एक अर्धं या आकड्याला आणि एक त्या आकड्याला टांगलंस, आणि पोराचा हात धरून त्या दोहोंमधून चाललास. 'जो मोडेल त्याचं असंच होवो' असं आधी स्वतः म्हणालास आणि मग त्याच्याकडून म्हणवून घेतलंस. वाट अरुंद होती, एक अर्धं त्याच्या खांद्याला घासलं. तो सदरा त्याने पुन्हा कधी घातला नाही म्हणतो.

मी समजत होते, तू रागाच्या भरात चार शब्द बोललास आणि मग हट्टाला पेटलास. तुझा हट्ट मला सवयीचा आहे. हे निराळंच निघालं.

आणि ऐक, त्याचा परिणाम काय झाला तो. त्याच्याच तोंडचं सांगते. 'आत्या, बरेच महिने मी टिकलो. मग मित्राच्या घरी एक घोट घेतला. एकच. घरी येऊन बाबांच्या पायाशी बसलो असतो तर तिथेच थांबलं असतं. पण मनात आलं, मोडला करार. आता मी कापलेलाच आहे. मग घोट काय आणि बाटली काय?'

मला तुझा राग आलाय. इतका राग मला नवरा गेला तेव्हा देवाचाही आला नव्हता. पण तू ये.

धाकटी


९ एप्रिल

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र यांनी वाचलं, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि खाली दुकानात गेले. मी धुवायला सदरा घेतला तेव्हा मला मिळालं. मला वाचता येतं हे तुमचे दादा अधूनमधून विसरतात.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या रविवारी बाप-लेक वर आले तेव्हा दोघांचेही चेहरे पांढरे होते. मला वाटलं भांडले असतील. मी जेवायला वाढलं. वन्सं, त्या दिवशी मी बंब्याला म्हणाले, सदऱ्याला डाग कसला रे, काढून टाक, भिजत घालते. माझ्याच हातांनी मी तो डाग धुतला.

मी भांडले यांच्याशी. या घरात आल्यापासून पहिल्यांदा माझा आवाज खालच्या गिऱ्हाइकांना ऐकू गेला. हे नुसते सुरा पुसत राहिले. पण तुमचं पत्र आल्या दिवसापासून यांच्या हातून बोकडाचं धड दुभागलं जात नाही. बारीक तुकडे करतात, वजन करतात, पण आकड्यावरच्या जनावराला कणा धरून करवत लावायची वेळ आली की ती खाली ठेवतात. पलीकडच्या गल्लीतल्या दुकानातून माणूस बोलवतात. गिऱ्हाइकांना सांगतात, खांदा आखडलाय.

मी उद्याच्या गाडीने निघते. गुडघ्याचं मेलं काय व्हायचं ते होईल. यांना चला म्हटलं, तर म्हणाले, 'मी समोर गेलो तर तो मरेल.' यांचा राग करू की कीव करू, तेच मला समजेनासं झालंय.

बंब्याला सांगा, आई येतेय.

तुमची,
वहिनी


१४ एप्रिल

धाकटे,

तुझ्या वहिनीला गाडीत बसवून चार दिवस झाले. घर रिकामं आहे.

तू विचारलंस, काय केलंस. सांगतो. तो तेव्हा चांगला राहत होता. पण मला झोप नव्हती. रात्री त्याच्या खोलीबाहेर उभं राहून मी त्याच्या श्वासाचा वास घ्यायचो. दिलेला शब्द तो आधी चारदा विसरला होता. मला असं काही हवं होतं की जे त्याला विसरताच येणार नाही. शास्त्रातलं सगळ्यात जड जे मला माहीत होतं, ते मी केलं. माझ्याकडे आकडे होते, सुरा होता, दुसरं काय होतं?

मला त्याला भीती घालायची होती, मारायचं नव्हतं. पण मी देवासमोर तोंडाने मागितलं की जो मोडेल त्याचं असंच होवो. आता तुझं पत्र आलं. पोटातून रक्त. आत फाटलं. मागितलं तसंच झालं, धाकटे. मी माझ्या पोराला कापलं.

तू म्हणतेस ये. मी कुठल्या तोंडाने येऊ? आणि आलो, आणि माझं पाऊल वॉर्डात पडलं आणि राहिलेलंही पूर्ण झालं, तर?

रोज एक ओळ लिही. आहे, एवढंच लिहिलंस तरी चालेल.

दादा


२० एप्रिल

ती. दादास,

आहे.

नुसता आहे असं नाही, आज अर्धी वाटी पेज पोटात टिकली. वहिनी खाटेच्या पायथ्याशी बसून असते आणि वॉर्डातल्या सगळ्या पेशंटांना औषधं वेळेवर घ्यायला लावते. नर्स तिला 'बडी सिस्टर' म्हणायला लागल्यात. तिच्या गुडघ्याचं कुणी विचारलं तर म्हणते, कुठला गुडघा?

आता जे लिहिते ते नीट वाच, आणि रागावून कागद चुरगाळू नकोस.

दुपारी वहिनी जेवायला जाते तेव्हा मी खाटेशी बसते. बंब्या म्हणाला, आत्या, ते वाचून दाखव. मी म्हटलं कुठलं? म्हणाला, ते जनावरं कापल्याचं. मला नको होतं. पण तो ऐकेना, म्हणून उत्पत्तीतलं ते सगळं वाचलं. देव अब्राहामाला आकाशातले तारे दाखवतो, तेव्हा त्याचं नाव अजून अब्राम होतं, आणि तो म्हणतो, मला हे मिळेल हे कशावरून समजू? मग देव सांगतो, कालवड आण, शेळी आण, मेंढा आण. तो आणतो, मधोमध दुभागतो, अर्धं अर्ध्यासमोर मांडतो. आकाशातून गिधाडं उतरतात. तो त्यांना हाकत बसतो.

इतकं वाचलं आणि मी पान उलटणार, तर बंब्या म्हणाला, पुढचं वाच. वाचलं. सूर्य मावळायला लागला आणि अब्रामाला गाढ झोप लागली. फार मोठा काळोख पडला. त्या काळोखात एक धुमसती शेगडी आणि एक पेटती मशाल त्या तुकड्यांच्या मधून गेली. देव गेला.

बंब्या डोळे मिटून पडला होता. मला वाटलं झोपला. मग हळूच म्हणाला, 'आत्या, तो चाललाच नाही.'

'कोण?'

'अब्राहाम. तो झोपला होता. देव एकटाच चालला.'

दादा, मी ते पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. वहिनी आल्यावर तिच्याकडून वाचून घेतलं. तो कुठेही चाललेला नाही. त्याने जनावरं आणली, कापली, गिधाडं हाकली आणि तो झोपला. शपथ त्याने घेतलेलीच नाही. 'मोडलं तर माझं असं होवो' हे ज्याने स्वतःवर घेतलं तो एकटा देव.

तुला वाटतं ना तो चालला म्हणून? मलाही वाटायचं. सगळा जन्म वाटायचं. का ते आज उमगलं. आबा ही गोष्ट दुकानात सांगायचे. आपण दोघं ठोकळ्याशेजारी पालथ्या डब्यांवर बसलेलो असायचो. गोष्ट इथवर आली की आबा सुरा खाली ठेवायचे, एप्रनला हात पुसायचे आणि आकड्यांवरच्या दोन अर्ध्यांमधून स्वतः चालून दाखवायचे. छाती काढून, सावकाश, मिशीला पीळ भरत. आपल्या डोळ्यांपुढचा अब्राहाम म्हणजे आपले आबाच. पुढे शंभरदा वाचलं तरी आपण त्यांनाच चालताना पाहिलं.

दुसऱ्या कुठल्या घरात ही चूक झाली नसती. ती मटणवाल्याच्या घरातच व्हायची.

तुझी,
धाकटी


२८ एप्रिल

चि. धाकटीस,

पत्र वर्गात घेऊन गेलो. मोठ्याने वाचलं नाही. पण तेवढा भाग मी सगळ्यांसमोर उघडला आणि एकेकाला एकेक ओळ वाचायला सांगितली. झोपेची ओळ वर्गाला येणाऱ्या शाळेतल्या शिक्षकांच्या वाट्याला आली. मी म्हटलं, पुन्हा वाचा. त्यांनी वाचली. मी म्हटलं, पुन्हा. ते माझ्याकडे बघायला लागले. मला त्या ओळीच्या जागी आबांचे पाय दिसत होते.

तू म्हणतेस ते तिथे तसंच आहे. मी हरलो.

पण एवढ्यावर माझी सुटका होत नाही. यिर्मया उघड. तिथे वासरू दुभागलंय आणि यहूदाचे सरदार, दरबारी, याजक, सगळे त्याच्या मधून चाललेत. माणसंच चालली आहेत. आणि त्यांनी करार मोडला तेव्हा देव म्हणाला की तुम्हाला मी त्या वासरासारखं करीन. तेव्हा मी केलं ते शास्त्राबाहेरचं नव्हतं. त्यानेच माझ्या काळजाचं पाणी होतं.

दुसरं असं. सगळं देवानेच चालायचं तर माणसाने करायचं काय? वर्गात हेच विचारलं गेलं. शिक्षक म्हणाले, मग कुणीही उठेल आणि वाटेल तसं वागेल.  धडा अर्धवट सोडून घरी आलो आणि गार झालेली भाकरी तशीच खाल्ली. शेगडी पेटवायचंही सुचलं नाही.

तुझ्या वहिनीशिवाय या घरात माझाच आवाज मला परका वाटतो. तो आहे ना? ओळ लिहायची राहिली तुझी दोन दिवस.

दादा


५ मे

ती. दादास,

आहे. चालतो आहे. काल वॉर्डाच्या टोकापर्यंत जाऊन आला.

यिर्मया मी उघडला. तू पुढचं वाचलंस, मागचं सोडलंस. त्या लोकांनी वासरामधून चालून कबूल काय केलं होतं? आपल्या घरी गुलाम म्हणून राबणाऱ्या आपल्याच भावाबहिणींना मोकळं करायचं. केलं, आणि मग मन फिरलं, आणि सोडलेल्यांना पुन्हा धरून आणून जुंपलं. म्हणून देव कोपला. बांधलेल्याला सोडण्याचा करार होता तो, दादा. तू मोकळ्या पोराला बांधायला वापरलास.

माणसाने काय करायचं, असं विचारतोस. मला काही मोठं ठाऊक नाही, मी चादरी शिवते. पण अब्राहाम जागा असेपर्यंत गिधाडं हाकत होता, एवढं त्यात आहे. देव येईपर्यंत मांडलेल्याची नासाडी होऊ द्यायची नाही, तेवढं माणसाच्या हातातलं काम. वहिनी महिनाभर तेच करतेय. मीही केलं थोडंफार. तू तेवढा राहिलास.

आता खरं कारण, हे पत्र घाईने लिहिण्याचं. शनिवारी बंब्याला घरी सोडणार आहेत. वहिनी म्हणते, चल आपल्या घरी. तो नाही म्हणतो. ऐक का ते. 'बाबा विचारतील, पुन्हा पिणार नाहीस ना? आणि मला नाही म्हणता येणार नाही. मला आज प्यायचं नाही, उद्याही नाही. पण कधीच नाही असं मी एकदा बोललोय आणि त्याचं काय झालं ते माहीत आहे. खोटं बोलून मी त्या दारात पाऊल ठेवणार नाही.'

माझ्या घरी तो दिवसभर एकटा राहील, कारण मला कामावर यायचं असतं. एकटा राहिला तर काय होईल हे डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलंय. त्याला घर हवं, आणि घरात माणसं हवीत. तुझ्याशिवाय ते होणार नाही. तुला आता काही समजावत बसत नाही. शनिवारी दुपारी, पुरुषांचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट.

धाकटी


३० जुलै

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

इतके दिवस पत्र नाही म्हणून तू शिव्या घातल्या असशील. घाल. वॉर्डात त्या शनिवारी मी एक शब्द बोललो नाही, त्याचाही राग तुझ्या मनात असणार. मी त्याचं गाठोडं उचललं आणि चालायला लागलो, तो मागून आला. गाडीत तुझी वहिनी खिडकीतून बाहेर बघत रडत होती आणि डोळ्यात धूळ गेली म्हणत होती.

त्यानंतर काय झालं ते तुला कुणी सांगितलेलं नाही. तिलाही मीच म्हटलं होतं, माझं मी लिहीन.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुकानाचं दार मी आतून लावलं आणि आकड्यावरचं बोकड स्वतः दुभागलं. करवत दोनदा घसरली, पण दुसऱ्या माणसाला बोलावलं नाही. एक अर्धं या बाजूला, एक त्या बाजूला. मग बंब्याला खाली बोलावलं. दारातून ते दिसताच तो भिंतीला धरून उभा राहिला.  म्हणाला, 'बाबा, माझ्याच्याने नाही होणार.' मी म्हटलं, 'तुला काही करायचं नाही. त्या स्टुलावर बस आणि उठू नकोस.'

आणि मी एकटा चाललो. आबांसारखं छाती काढून नाही.  मधोमध थांबून म्हटलं, 'तू प्यायलास तरी मी तुझा बाप आहे आणि हे तुझं घर आहे. यातला शब्द मी मोडला तर माझं असंच होवो.' तुझी वहिनी जिन्यावर उभी होती. ती म्हणाली, 'आमेन.' बंब्याकडून मी काही बोलवून घेतलं नाही.

मी देवाच्या जागी उभा राहिलो असं समजू नकोस. तेवढा माज माझ्यात नाही. बापाच्या जागी उभा राहिलो, जी इतके दिवस मोकळी होती.

वर्गात मी जे चूक शिकवलं ते उघड सांगितलं. शिक्षकांनी पुन्हा विचारलं, अशाने धाक कसा राहणार? मी म्हटलं, माहीत नाही. धाकाने माझ्या घरात काय झालं तेवढं सांगू शकतो. आणि सांगितलं. दोघे वर्ग सोडून गेले. बाकीचे अजून येतात.

जून बरा गेला. तो दुकानात बसायला लागला, पैसे घ्यायचा, माश्या वारायचा, म्हाताऱ्या गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचा. मला वाटलं, झालं, सुटला. तसं वाटून घेतलं हीच माझी खोड.

परवा दुपारी जेवायला वर गेला तो वर पोचलाच नाही. संध्याकाळ झाली. दुकानात गर्दी होती. मी मान वर केली तर रस्त्याच्या पलीकडे, शिंप्याच्या बंद दुकानाशी तो उभा होता. दुरूनच कळलं. बापाला कळतं. तो आत येत नव्हता आणि जातही नव्हता. नुसता दाराकडे बघत उभा होता.

डॉक्टरबाईंचं बोलणं मला पाठ आहे. एक थेंबही नाही, म्हणाल्या होत्या. काय सांगू तुला, धाकटे, त्या क्षणी मला इतका संताप आला की हातातला सत्तूर मी ठोकळ्यात रुतवला. जुनं सगळं तोंडाशी आलं. पाठोपाठ भीती वाटली. तराजूवर गिऱ्हाइकाचं मटण होतं, ते तसंच सोडलं आणि एप्रनसकट रस्ता ओलांडला.

मी जवळ आलो तसा तो मागे सरकत भिंतीला टेकला. वास येत होता.  म्हणाला, 'बाबा, मोडलं मी. पुन्हा मोडलं.'

काल डॉक्टरांकडे नेऊन आणलं, उद्या पुन्हा न्यायचंय. पुढचं मला माहीत नाही. तुला खोटं लिहीत नाही, कुणालाच माहीत नाही. पण परवा भर रस्त्यात, लोक बघत असताना, मी त्याला काय म्हणालो ते तुला कळावं म्हणून हे पत्र. मी म्हणालो, 'तू काय मोडणार रे वेड्या? तुझ्याकडून मी काही घेतलंच नव्हतं. चल घरात.'

दादा